सॉरी म्हणू नका जी

नागपूरजवळच्या वाडीतल्या माणसाला वाहनांविषयी शहाणपण शिकवायला जाऊ नये. अमरावती रोडच्या दोन्ही बाजूंना ट्रान्सपोर्टची ऑफिसं, गोदामं, वजनकाटे, टायरवाले. इथलं शाळकरी पोरगंही नुसत्या आवाजावरून सांगतं, की ट्रक भरून चालला की रिकामा. पलीकडे अंबाझरीची आयुध निर्माणी. तिथून निवृत्त झालेला माणूस गल्लीत एक तरी सापडतोच. म्हणजे माल वाहणारे, मालाचे क्लेम भरणारे आणि उभी नोकरी दारूगोळ्याच्या शेजारी डबा खाऊन सुखरूप घरी आलेले, असे तिन्ही जातींचे जाणकार आमच्याकडे मुबलक. त्यामुळे आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये एप्रिलच्या एका रात्री कार पेटली, तेव्हा टंचाई झाली ती पाण्याची. सल्ला चोवीस तास चालू होता.

नावं सांगत नाही. नाव कागदावर गेलं की त्याचं पुढं काय होतं, ते येईलच. कार होती काकाजींची, निर्माणीतून निवृत्त. तिच्या डाव्या हाताला मास्तरांची कार, उजव्या हाताला बँकेतल्या मॅडमची नवीकोरी. आणि तिसऱ्या मजल्यावर ट्रान्सपोर्टवाले भाऊ. हे भाऊ नसते तर हे प्रकरण दोन आठवड्यांत मिटलं असतं, असं काही लोक म्हणतात. भाऊ नसते तर काकाजी रस्त्यावर आले असते, असं भाऊ म्हणतात.

पेटलेली गाडी आधी हॉर्न वाजवते, हे पुष्कळांना माहीत नसतं. वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या की हॉर्न जो सुरू होतो तो थांबत नाही. रात्री दीडच्या सुमाराला तो सुरू झाला. पहिल्या पाच मिनिटांत आगीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, कारण चार गॅलऱ्यांतून चार जण ओरडत होते, "कोण बे हा? झोपू दे ना बाप्पा!" मग धूर वर आला आणि मगच लोक खाली गेले.

आता आमचं पार्किंग समजून घ्या. नकाशात ते वाहनतळ आहे. प्रत्यक्षात ते सगळ्या स्कीमचं अडगळीचं घर. गणपतीच्या मखराचं थर्माकोल, मांडवाचे बांबू, कोणाच्या तरी लग्नात आलेला आणि कोणाच्याच हॉलमध्ये न मावलेला सोफा, आणि मुख्य म्हणजे कूलरच्या जुन्या ताट्या. मार्च-एप्रिलमध्ये नागपुरात घरोघरी कूलरला नवी ताटी बसते आणि जुनी खाली येते. वाळलेल्या ताटीच्या आत लाकडाचा भुसा नाही, सुटा सुटा पिंजलेला कीस असतो. तो पेटतो कसा हे ज्यानं पाहिलं त्याला होळी मिळमिळीत वाटेल. दोन कारच्या मधल्या जागेत अशा ताट्यांची चवड रचलेली होती. पहिल्या गाडीकडून दुसऱ्या गाडीकडं आग गेली ती त्या चवडीवरून.

भिंतीला लाल नळकांडं होतं. ते खुंटीवर नव्हतं. जिन्याचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला दाराशी उभं केलेलं. ते उचलून आणलं, मोबाइलच्या उजेडात त्यावरच्या सूचना मोठ्यानं वाचल्या गेल्या, पिन ओढली गेली, दांडा दाबला गेला. आतून एक उसासा आला. पुढचं काम बादल्यांनी केलं. बंब नगर परिषदेचा येईल की महापालिकेचा, आपण नक्की कोणाच्या हद्दीत, यावर दुसऱ्या मजल्यावर चर्चा चालू असतानाच बंब येऊन पाणी मारायलाही लागला होता. माणूस कोणी भाजला नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं हसायला संकोच वाटेल. काकाजींची आणि मास्तरांची गाडी पूर्ण गेली. मॅडमची अर्धी.

सकाळी कारणमीमांसा. नागपुरात कोणत्याही दुर्घटनेचा पहिला आरोपी ऊन. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश तापमान होतं, हे आमच्याकडे लोक स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा नीट सांगतात. २०२४ च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. मग हवामान खात्यानं खुलासा केला की यंत्रच बिघडलं होतं. लोकांना यंत्राविषयी सहानुभूती वाटली, खुलाशावर विश्वास मात्र बसला नाही. पण रात्री दीड वाजता ऊन कुठलं? आणि पेट्रोल नुसत्या उष्णतेनं आपोआप पेटायचं तर अडीचशेच्या वर अंश लागतात. तेवढं तापमान वाडीत अजून बिघडलेल्या यंत्रानंही दाखवलेलं नाही. ठिणगी लागतेच. ती कुठून आली?

दुसरा आरोपी उंदीर. बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात म्हणून काकाजी तिथं तंबाखूची पुडी ठेवत. भाऊंचं म्हणणं असं, की वाडीच्या उंदरांना तंबाखूची भीती दाखवणं म्हणजे मूर्खपणा. पानठेल्यामागं खर्रा चघळून मोठे झालेले उंदीर ते, पुडी संपवून वायरीकडं वळले असतील. तिसरा आरोपी म्युझिक सिस्टिम, निळे दिवे आणि रिव्हर्सचा कॅमेरा. हे तिन्ही काकाजींच्या मुलानं बाहेरून बसवून घेतले होते. काकाजींनी तिन्ही आरोप फेटाळले. "आमच्या निर्माणीत गेटवरच काडेपेटी काढून घेत. मले आगीचं सांगता?" अग्निशमन दलाच्या दाखल्यात शेवटी भारतातल्या यच्चयावत आगींचं कारण आलं : शॉर्टसर्किट असण्याची शक्यता.

चौथा आरोपी सगळ्यात गंमतीचा. स्कीममध्ये एकच इलेक्ट्रिक स्कूटर, तळमजल्यावरच्या नर्स ताईंची, आणि ती पार दुसऱ्या कोपऱ्यात. तिला काजळीसुद्धा लागली नव्हती. तरी सकाळी आठच्या आत ठरून गेलं, की हे बॅटरीवाल्या गाड्यांमुळं होऊन राहिलं. २०२२ साली पुण्यात रस्त्याकडेला ई-स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. यात आमचे लोक एकटे मागास आहेत असं समजू नका. लंडनजवळ लूटन विमानतळावर १० ऑक्टोबर २०२३ ला बहुमजली पार्किंग पेटलं, सुमारे १,४०० गाड्या गेल्या, इमारतीचा भाग खाली बसला, आणि जगभर पहिल्या तासात बोंब झाली ती इलेक्ट्रिक कारची. पेटली होती डिझेलची. सुट्टीहून परतलेली माणसं बॅगा घेऊन उभी आणि गाडीच्या जागी पोलिसांची फीत. आपल्याकडे २३ फेब्रुवारी २०१९ ला बंगळुरूला येलहंक्याच्या हवाई प्रदर्शनात तेच झालं. लोक माना वर करून विमानं पाहत होते आणि मागं वाळक्या गवतावर उभ्या केलेल्या तीनशेच्या आसपास कार जळत होत्या. दुसऱ्याच दिवशी चेन्नईत पोरूरला उभ्या ठेवलेल्या दोनशेवर गाड्या गेल्या. ही माहिती मी काकाजींना धीर यावा म्हणून दिली. ते म्हणाले, "तिथं सरकारचं विमान पाहायला गेले होते बाबू. माझी गाडी तर झोपली होती."

तीन गाड्या, तीन तऱ्हेचे विमे. मॅडमचा विमा म्हणजे शोरूमवाल्यानं जे जे पुढं केलं ते ते घेतलेला. काकाजींचा नेहमीचा, गाडीसह. आणि मास्तरांचा थर्ड पार्टी. मास्तर हिशोबी माणूस. १००० ते १५०० सीसीच्या कारला थर्ड पार्टीचा सरकारी दर २०२२ पासून ३,४१६ रुपये, अधिक कर. तेवढा भरला की नाक्यावर पोलिसाला कागद दाखवता येतो. कायद्याला तेवढाच लागतो. या कागदानं मास्तरांनी जगातल्या प्रत्येकाचं नुकसान भरून द्यायची सोय केली होती, फक्त एक स्वतः सोडून. हे त्यांना त्या सकाळी राखेसमोर उभं राहून कळलं. बरं, समजावून सांगणारे भाऊ, म्हणजे आवाज मोठा.

काकाजींच्या गाडीला सर्व्हेअर आला. शांत माणूस. पंचनामा, अग्निशमनचा दाखला, आरसी, लायसन्स, सगळं मागून घेतलं आणि मग स्क्रू ड्रायव्हरनं काजळी खरवडत चेसिस नंबर शोधायला बसला. पाठीमागं अर्धी स्कीम उभी. अॅल्युमिनियमची चाकं वितळून फरशीच्या उतारानं वाहत जाऊन नाल्याच्या जाळीपाशी थिजली होती; एका पोरानं त्यातला तुकडा खिशात घातला, तर सर्व्हेअर मान वर न करता म्हणाला, "बेटा, तो सॅल्व्हेज आहे." एक एक आकडा खाली खरवडून निघाला, त्यानं त्याचा फोटो घेतला, आणि काकाजींनी डोळे पुसले. गाडी जळाली तेव्हा ते रडले नव्हते.

पॉलिसी हे वाङ्मय माणूस आग लागल्यावरच वाचतो. काकाजींनी चष्मा लावून वाचलं. कंपनी कशाकशाची भरपाई देते? आग, स्फोट, गाडी आपोआप पेटणं, वीज पडणं. चोरी, दंगा, भूकंप, पूर, चक्रीवादळ, गारपीट, हिमतुषार, दरड कोसळणं. शिवाय गाडी रेल्वेनं, जलमार्गानं किंवा लिफ्टनं नेत असताना झालेलं नुकसान. वाडीला ना समुद्र ना दरड. हिमतुषारांची काकाजींनी बराच वेळ वाट पाहिल्यासारखा चेहरा केला. आणि लिफ्ट? आमच्या लिफ्टमध्ये गॅसचं सिलिंडर नेताना माणूस बाहेर थांबतो. पण "आपोआप पेटणं" हे शब्द यादीत अगदी पहिल्या ओळीत होते. गाडीला आपोआप पेटायचा हक्क आहे, हे वाचून त्यांना बरंच हलकं वाटलं.

पैसे किती? इथं दुसरा धडा. गाडीची विमाकिंमत वयाप्रमाणं उतरते : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, चार ते पाच वर्षांची गाडी असेल तर थेट ५० टक्के. काकाजींची गाडी साडेचार वर्षांची. "महिन्यामागं पाणी बदलत होतो मी तिचं, नव्यासारखी होती." सर्व्हेअर म्हणाला, कंपनीला नवी-जुनी कळत नाही, तारीख कळते. म्युझिक सिस्टिम? तिच्या किमतीवर ४ टक्के जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंदवली असती तर मिळाली असती. निळे दिवे? काकाजींनी तो विषय स्वतःच सोडून दिला.

मॅडमची मात्र पंचाईत अर्धी जळाल्यामुळं झाली. दुरुस्तीचा खर्च विमाकिमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण गेली असं धरतात आणि अख्खी रक्कम देतात. गॅरेजचं एस्टिमेट त्या रेघेच्या जेमतेम खाली आलं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात आणि आजकालच्या गाडीत पत्रा कमी, प्लास्टिकच जास्त. मॅडमनं झीज न कापण्याचं कलम विकत घेतलेलं, त्या वाचल्या. तरी स्कीममध्ये कुजबुज झालीच, की बंबवाले दहा मिनिटं उशिरा आले असते तर पोरीचं भलं झालं असतं. ज्यांनी बंबवाल्यांना चहा पाजला तेच हे म्हणत होते.

आता मुख्य भानगड. मास्तरांची गाडी कोणी भरून द्यायची?

पहिल्या दिवशी सकाळी काकाजी जिन्यात मास्तरांना भेटायला निघाले. पंधरा वर्षांचा शेजार. पोळ्याला, दिवाळीला एकमेकांकडं ताटं जाणार. काकाजींच्या तोंडून "मास्तर, सॉ..." एवढं निघालं आणि वरून भाऊंनी आवाज टाकला.

"सॉरी म्हणू नका जी!"

"काऊन?"

"कबुली होते. पॉलिसीच्या मागच्या पानावर लिहून आहे. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कबुली द्यायची नाही, ऑफर द्यायची नाही, वचन द्यायचं नाही, पैसा द्यायचा नाही. एक शब्द बोलाल तर कंपनी म्हणेल, मग भरा तुमचं तुम्हीच."

आणि हे खरं आहे. मोटारविम्याच्या ठरीव अटींत ही अट असतेच. काकाजी जिन्यात थिजले. नागपुरी माणसाला "या जी, बसा जी, काही घेता का जी" याशिवाय बोलता येत नाही, आणि यात वाक्यागणिक एक ऑफर आहे. मग भाऊंनी त्यांची तयारी करून घेतली. "वाईट झालं" चालतं. "फारच वाईट झालं" हेही चालतं. "माझ्या गाडीमुळं" चालत नाही. "देवाची मर्जी" सगळ्यात चांगलं, कारण देवाचा विमा कोणत्याच कंपनीकडं नाही. काकाजी मास्तरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "फारच वाईट झालं. देवाची मर्जी." मास्तरांना वाटलं, हा माणूस हात झटकून राहिला. ते काही न बोलता वर गेले.

तिकडं काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी दुपारी मास्तरांकडं गोळाभाताचा डबा पाठवून दिला. भाऊंना कळलं तेव्हा ते डोकं धरून बसले. गोळाभात ही ऑफर होते का? बऱ्याच विचारानं त्यांनी निर्वाळा दिला : डबा रिकामा परत आला तर तो नुसता गोळाभात. भरून परत आला तर तडजोड. इकडं मास्तरीणबाईंची वेगळीच कोंडी. आपल्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत. पण मास्तरांना त्यांच्या मेहुण्यानं, जो कोर्टात कारकून आहे, सांगून ठेवलेलं, की समोरच्याकडून काही स्वीकारलंत तर केस कमजोर होईल. दोन दिवस तो डबा ओट्यावर पडून राहिला. शेवटी बाईंनी त्यात चिमूटभर साखर टाकून पाठवली. हक्कांना कोणतीही बाधा न येता दिलेली साखर, असं भाऊ म्हणाले.

मास्तरांना पैसे मिळण्याची वाट काकाजींच्याच थर्ड पार्टीच्या भागातून जाते. खासगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंतची सोय असते. शंभरेक रुपये वाचवायला ती ६,००० वर आणूनही घेता येते. काकाजींनी सुदैवानं ती काटकसर केली नव्हती. पण अडचण अशी, की मृत्यू किंवा गंभीर दुखापतीत चूक सिद्ध न करताही काही ठरावीक रक्कम मिळते, तशी सवलत पत्र्याला नाही. मालमत्तेचं नुकसान असेल तर समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. म्हणजे मास्तरांना पैसे हवेत तर काकाजींना निष्काळजी ठरवायचं. काकाजींची मनातून इच्छा की मास्तरांना पैसे मिळावेत. म्हणजे आपण निष्काळजी ठरावं. आणि दोघांनी हे एकमेकांना बोलून दाखवायचं नाही.

वर कंपनीच्या वकिलाचा मुद्दा : गाडी उभी होती. किल्ली घरात, माणूस झोपेत. मग हा "वाहनाच्या वापरातून" झालेला अपघात कसा? मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण त्याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे आणि ते फार दुःखद जागी मिळालेलं आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात कवठ्याजवळ महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून उलटला. काही तासांनी, सकाळ झाल्यावर, सांडलेल्या पेट्रोलभोवती गावकरी जमलेले असताना स्फोट झाला आणि माणसं गेली. टँकर तेव्हा चालत नव्हता, चालू शकतही नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलं, की वाहन उभं असलं, बंद पडलेलं असलं तरी तो त्याचा वापरच. आणि "वापरातून उद्भवलेला" या शब्दांचा अर्थ आखडून घ्यायचा नाही. इथं विनोद करायला जागा नाही. एवढंच, की उलटलेल्या टँकरसाठी ठरलेली गोष्ट पुढं पार्किंगमधल्या वादांतही मांडता येते.

इंग्रज लोक तर याच्याही आधी या घोळात पडले होते. १९१९ सालचा लंडनचा खटला आहे. खाली गॅरेज, वर बिऱ्हाड. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, कार्बोरेटरनं पेट घेतला, त्यानं पेट्रोलचा नळ वेळेवर बंद केला नाही, आणि वरचं बिऱ्हाड गेलं. न्यायालय म्हणालं, टाकीत पेट्रोल असलेली मोटार ही मुळातच धोकादायक वस्तू. हे मी काकाजींना सांगितलं नाही. त्यांनी तेवढ्यात कुठून तरी वाचलं आणि म्हणाले, "मग निर्माणीत होतो तेव्हाच बरं होतं. तिथं धोकादायक वस्तूवर निदान सरकारचा शिक्का असे."

दरम्यान मॅडमच्या कंपनीनं मॅडमला पैसे दिले आणि त्यांची एक सही घेतली. त्या सहीचा अर्थ असा, की आता मॅडमच्या जागी कंपनी उभी. ज्याच्यामुळं नुकसान झालं त्याच्याकडून वसूल करायचा हक्क तिचा. महिन्याभरानं काकाजींच्या हातात वकिलाची नोटीस पडली : "आपल्या घोर निष्काळजीपणामुळे आमच्या अशिलांच्या वाहनाचे..." मॅडम बिचाऱ्या धावत खाली आल्या. "काकाजी, ते मी नाही हो लिहिलं!" काकाजी आता तयार झालेले. ते म्हणाले, "फारच वाईट झालं. देवाची मर्जी."

नोटिशीची एक प्रत सोसायटीला. सेक्रेटरींनी पार्किंगमधल्या फलकाकडं बोट दाखवलं : वाहने आपल्या जबाबदारीवर ठेवावीत. असा फलक लावला की जबाबदारी संपली, ही आपल्याकडची फार जुनी श्रद्धा. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलचीही ती होती. १९९८ साली तिथं एका पाहुण्यानं रात्री मारुती झेन पार्क करायला हॉटेलच्या माणसाच्या हातात दिली, पावती घेतली. पावतीवर हेच वाक्य. मधल्या वेळात तिसराच कोणी किल्ली उचलून गाडी घेऊन पसार. विमा कंपनीनं मालकाला २ लाख ८० हजार दिले आणि हॉटेलच्या मागं लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की किल्ली ताब्यात घेतलीत ना, मग सांभाळायची जबाबदारी तुमची. स्वतःच्या निष्काळजीपणावर असलं वाक्य छापून पांघरूण घालता येणार नाही. एकवीस वर्षं लागली. तोवर ती झेन बनणंच बंद झालं होतं.

सेक्रेटरींनी हे ऐकलं आणि त्यांना आठवलं, की आमच्याही अकरा-बारा गाड्यांच्या किल्ल्या पहाटे गाड्या पुसणाऱ्या पोराकडं असतात आणि तो पगार सोसायटीकडून घेतो. त्याच संध्याकाळी किल्ल्या घरोघर परत गेल्या. मग सापडलं ते नळकांडं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणं परवानाधारक एजन्सीकडून आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. आमचं नळकांडं दार अडवायचं काम तर दर जानेवारी-जुलैत चोख करत होतं. सोसायटीचा विमा आहे का, हेही विचारलं गेलं. आहे; इमारतीचा. काळा पडलेला खांब आणि छत त्यात बसतं, त्याच्या आडोशाला उभी गाडी बसत नाही.

काकाजींची वणवण वेगळीच. गाडी नष्ट झाली तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. खिडकीवर विचारलं, गाडी कुठंय? म्हणाले, निम्मी पार्किंगमध्ये, निम्मी नाल्याच्या जाळीत. भंगारवाला रोज फोन करी, आणि त्याचा भाव कंपनीच्या भावापेक्षा हजारानं जास्त होता, म्हणून काकाजींना त्याच्याविषयी आदर वाटू लागलेला. त्यात जळालेल्या गाडीच्या नावानं जुन्या सिग्नलचं ई-चलान आलं. कंपनीकडून पैसे येईनात तेव्हा लेखी तक्रार, आणि महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपाल. लोकपालाचं कार्यालय कुठं? विदर्भासाठी पुण्यात. काकाजी निर्माणीत युनियनचे पदाधिकारी होते. ते उठूनच उभे राहिले. १९५३ च्या नागपूर करारात अधिवेशन मिळालं, खंडपीठाचं कबूल झालं, आणि हे तेवढं राहून गेलं? आता हे सगळं घरबसल्या ऑनलाइन करता येतं, असं मुलानं सांगितलं तेव्हा त्यांची निराशा झाली. पुण्याशी प्रत्यक्ष भांडायची एक संधी गेली.

मास्तरांचं प्रकरण लोकअदालतीत मिटलं. कंपनीनं मागितलेल्यातली बरीचशी रक्कम कबूल केली, मास्तरांनी उरलेली सोडली. मेहुण्याला वाटलं आपल्यामुळं, भाऊंना वाटलं आपल्यामुळं. सह्या झाल्या, कागदावर शिक्का बसला. काकाजींनी कंपनीच्या वकिलाकडं वळून विचारलं, "आता म्हणू का जी?" वकिलाला काही समजलं नाही, त्यानं मान हलवली. मग काकाजी कोर्टाच्या वऱ्हांड्यात, चहाच्या ठेल्यापाशी, मास्तरांचे दोन्ही हात धरून सॉरी म्हणाले. मोठ्यानं, तीन-चारदा, साठवून ठेवलेलं सगळं. मास्तर म्हणाले, "तेव्हाच म्हटलं असतं तं मी केसच नसती केली." भाऊ घाईघाईनं चहाचे पैसे द्यायला गेले.

गेल्या रविवारी सोसायटीची सभा झाली. नर्स ताईंच्या स्कूटरला पार्किंगमध्ये बंदी करायचा ठराव आला. ताई पाचच मिनिटं बोलल्या. पेटली ती पेट्रोलची, पसरली ती तुमच्या ताट्यांवरून, आणि बादल्या मी भरल्या. ठराव मागं घेतला गेला. नवीन नळकांड्यांना पैसे मंजूर. जिन्याच्या दाराला वेगळा दगड मंजूर. काळ्या खांबाला रंग कोणत्या खर्चातून, यावर अर्धा तास गेला. शेवटी ताट्या. पार्किंगमध्ये कूलरची एकही ताटी ठेवायची नाही, एकमतानं मंजूर.

"मग ठेवायच्या कुठं जी?" मागून प्रश्न आला.

"गच्चीवर," सेक्रेटरी म्हणाले. "सोलरच्या पॅनेलखाली मस्त सावली आहे."

भाऊंनी चष्मा काढला. "अन् सोलरचा विमा कोणाच्या नावानं आहे?"

सेक्रेटरींनी आभारप्रदर्शन सुरू केलं.